मागचा दिवा लागतो का? मोटारसायकलला जादा एलईडी ब्रेक लाइट बसवण्याआधी आणि बसवताना

धानोऱ्याहून नंदुरबारकडे रात्री मोटारसायकल चालवताना समोरच्या अंधारापेक्षा पाठीमागची भीती जास्त असते. समोर काय आहे ते आपल्या हेडलाइटमध्ये दिसते. आपण मात्र मागच्याला दिसतो की नाही, हे आपल्याला कळत नाही. मागच्या गाळप हंगामात आमच्यावर असाच प्रसंग आला. उसाने भरलेली, मागे एकही दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर दिसली आणि आम्ही दोन्ही ब्रेक दाबले. मागून येणारी जीप हातभर अंतरावर येऊन थांबली. जीपवाले दादा उतरून म्हणाले, "भाऊ, तुमचा ब्रेक लाइटच लागला नाही." घरी येऊन पाहिले तर बल्ब उडालेला होता. किती दिवसांपासून, ते आम्हालाही ठाऊक नव्हते.

त्या रात्रीनंतर आम्ही गाडीला जादा एलईडी ब्रेक लाइट बसवला. ते करताना जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

हा विषय लहान नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. धडकेच्या प्रकारांत सर्वांत मोठा वाटा मागून बसणाऱ्या धडकेचा होता. आपल्या वस्त्यांत बहुतेक घरांची कमाई, मुलांची शाळा आणि दवाखाना त्या एका मोटारसायकलवरच चालतो. चालवणारा गेला तर घरच बसते.

ब्रेक लाइट चालतो कसा?

मोटारसायकलला ब्रेक लाइटचे दोन स्विच असतात. एक हँडलवरच्या पुढच्या ब्रेकच्या दांडीजवळ, दुसरा पायाच्या ब्रेकजवळ. दोघांपैकी कोणताही ब्रेक दाबला की मागच्या दिव्याला बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह मिळतो. जुन्या गाड्यांत मागे एकच बल्ब असतो आणि त्यात दोन तारा असतात: ५ वॉटची तार रात्रभर मंद जळते, २१ वॉटची तार ब्रेक दाबल्यावर पेटते. खड्ड्यांच्या धक्क्यांनी यातली एखादी तार तुटते. २१ वॉटची तुटली तर मंद दिवा चालूच राहतो, म्हणून आपल्याला वाटते सगळे ठीक आहे.

बल्बची तार तापून पूर्ण उजेड द्यायला सुमारे ०.२ सेकंद घेते. एलईडी जवळपास त्याच क्षणी लागतो. ०.२ सेकंद म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते, म्हणजे ०.२ सेकंदात ३.३ मीटर. मागच्या जीपला तेवढे अंतर जादा मिळते. हातभर अंतरावर जीव वाचलेल्याला या ३.३ मीटरची किंमत सांगावी लागत नाही.

अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना तिसरा, उंचावरचा ब्रेक लाइट सक्तीचा झाला. तिथल्या सरकारी यंत्रणेने पुढे केलेल्या अभ्यासात मागून बसणाऱ्या धडका दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हा आकडा मोटारींचा आहे, आणि तो फार मोठाही नाही. म्हणजे जादा दिवा उपयोगी आहे, पण तो चमत्कार नाही.

आधी जुना दिवा तपासा

नवा दिवा घेण्याआधी गाडी चालू करून भिंतीकडे पाठ करून उभी करा. पुढचा ब्रेक दाबा, सोडा. मग पायाचा दाबा, सोडा. दोन्ही वेळा भिंतीवर लाल उजेड वाढला पाहिजे. एकाच ब्रेकला लागत असेल तर दुसरा स्विच खराब आहे किंवा पायाच्या स्विचची स्प्रिंग सैल झाली आहे. दिवा कायम तेजच राहत असेल तर स्विच अडकला आहे. हे दोष न काढता जादा दिवा जोडला तर तोही त्याच स्विचवर चालणार आणि त्याच्यासोबतच फसणार. जादा दिवा बल्ब उडण्यापासून वाचवतो, स्विच बिघडण्यापासून नाही.

दिवा कोणता आणि कुठे?

रंग लालच हवा. पांढरे एलईडी लाल काचेमागे लावले तर उजेड गुलाबीसर आणि फिका दिसतो. निळा, हिरवा किंवा सतत लुकलुकणारा दिवा नको. लुकलुकणाऱ्या दिव्याने मागच्याचे डोळे दिपतात आणि आपण थांबतो आहोत की वळतो आहोत, हेच त्याला कळत नाही.

काही एलईडी पट्ट्या मंद आणि तेज अशा दोन्ही कामांच्या असतात. दोन्हींतला फरक डोळ्याला लगेच जाणवला पाहिजे, नाहीतर ब्रेक दाबल्याचे मागच्याला उमगत नाही. आमच्या मते फक्त ब्रेकवर लागणारी साधी, पाणी न शिरणारी पट्टी उत्तम.

जागा ठरवताना गाडीवर काय लादतो ते आठवा. दुधाच्या कॅन, चाऱ्याचा भारा, खताची गोणी, मागे बसलेल्या बाईंच्या साडीचा पदर, यांतल्या कशानेही दिवा झाकला जाऊ नये. नंबर प्लेटच्या खाली किंवा दोन्ही कडांना जागा बरी. नंबर मात्र पूर्ण दिसला पाहिजे आणि दिवा सरळ मागे रोखलेला हवा.

जोडणी

वायरींचे रंग कंपनीनुसार बदलतात, म्हणून रंगावर विसंबू नका. चावी चालू करून टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावा. जिच्यात ब्रेक दाबल्यावरच १२ व्होल्ट येतात, ती ब्रेकची वायर. पट्टीची धन वायर तिला जोडायची, ऋण वायर चेसिसला किंवा बॅटरीच्या ऋण टोकाला. चेसिसला जोडताना तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडे करा.

एक सावधगिरी महत्त्वाची. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट आणि मागचा मंद दिवा बॅटरीवर नव्हे, तर इंजिनाच्या मॅग्नेटोच्या एसी प्रवाहावर चालतो. त्या वायरीला साधी एलईडी पट्टी जोडली तर ती फडफडते किंवा जळते. म्हणून ब्रेकचीच वायर शोधायची.

वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही आपल्याकडची सवय. पहिल्या पावसात तिथे गंज चढतो. कपलर वापरा, किंवा डाग देऊन त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. कपलरचा दुसरा फायदा म्हणजे मूळ वायर कापावी लागत नाही. नव्या गाडीची वायर कापली तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. ३ वॉटची पट्टी जेमतेम पाव अँपिअर घेते, त्यामुळे मूळ वायरिंगवर भार पडत नाही. तरीही मध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाकावा. वायर सीटखालून न्या, सायलेन्सर आणि चाकापासून दूर ठेवा, जागोजागी बांधा.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. त्यामुळे मूळ दिवा काढू नका, झाकू नका. जादा दिव्याबद्दल शंका असेल तर नंदुरबारच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

दिवा जे करू शकत नाही

ब्रेक न दाबता गिअर कमी करून वेग उतरवला तर ब्रेक लाइट लागत नाही. चांदसैली, तोरणमाळ किंवा कोंडाईबारीच्या घाटात उतरताना आपण नेमके हेच करतो. तिथे ब्रेकची दांडी हलकेच एकदोनदा दाबून मागच्याला इशारा द्यावा. बॅटरी उतरली तर कोणताच दिवा कामाचा नाही, म्हणून मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा. तिला ना वायर लागते ना बॅटरी. ट्रॉलीवाल्या बांधवांनीही तीच पट्टी लावली, तर आमच्यासारखा प्रसंग मुळात येणारच नाही.

आपला मागचा दिवा आपल्याला दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. तो दुसऱ्यानेच पाहावा लागतो. रविवारी वंदनेनंतर विहारासमोर गाड्या उभ्या असतातच. तेव्हा एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून सांगावे. एका गाडीला अर्धे मिनिटही लागत नाही. जयंतीच्या मिरवणुकीहून पोरे रात्री उशिरा परततात, त्या दिवशी तर ही तपासणी आधीच व्हावी. आम्हाला जे एका अनोळखी जीपवाल्याने सांगितले, ते आपल्या माणसाने वेळेवर सांगितलेले केव्हाही बरे.