नकलांचं ग्रंथालय

इतिहासकार सर जदुनाथ सरकार १९५८ मध्ये गेले आणि त्यांचा संग्रह कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीत पोचला. त्यात छापील पुस्तकं आहेतच, पण खरं मोल आहे ते फारसी हस्तलिखितांच्या नकलांना. संग्रह म्हटला की आपल्याला दुर्मीळ मूळ प्रती आठवतात. सरकारांनी जन्मभर जमवल्या त्या दुसऱ्यांच्या मालकीच्या कागदांच्या प्रती.

त्याला इलाज नव्हता. औरंगजेबाच्या इतिहासाची साधनं रामपूर, हैदराबाद, लंडन अशी विखुरलेली. पाटण्यात प्राध्यापक असताना खुदाबक्ष ग्रंथालय हाताशी होतं, एवढंच सुख. इतर ठिकाणी पदरमोड करून नकलनवीस बसवायचा, नाहीतर विलायतेहून रोटोग्राफ मागवायचे. रोटोग्राफ म्हणजे फिल्मशिवाय थेट कागदावरच घेतलेलं छायाचित्र. काळ्या पानावर पांढरी अक्षरं, आणि तीही घाईच्या फारसी वळणाची! औरंगजेबावरचे पाच खंड १९१२ ते १९२४ या काळात निघाले, त्यांच्यामागे ही डोळेफोड आहे.

त्यात आपल्या घरचंही पुष्कळ आहे. जिंजीच्या मोहिमेची हकीगत लिहिणारा भीमसेन सक्सेना हा मोगल सरदार दलपतराव बुंदेल्याच्या पदरचा कारकून. त्याचा ‘नुस्खा-ए-दिलकुशा’ तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये होता. पुरंदरचा तह समजायचा तर मिर्झाराजे जयसिंगांची पत्रं हवीत. ती ‘हफ्त अंजुमन’ या संग्रहात आहेत, आणि त्याची प्रत सरकारांना मिळाली बनारसला.

असं ग्रंथालय एकट्याचं राहत नाही. बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला राहिलेले गोविंद सखाराम सरदेसाई आणि माळव्यातल्या सीतामऊ संस्थानचे रघुबीरसिंह हे या व्यवहारातले सोबती. सरदेसायांशी तर पन्नासेक वर्षं पत्रव्यवहार चालला. सरकार कामशेतला येऊन राहत. पुण्याचं पेशवे दफ्तर अभ्यासकांना बंद होतं. सरकारांनी मुंबई सरकारकडे शब्द टाकला, सरदेसायांवर संपादनाची जबाबदारी आली आणि १९३० पासून निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. रघुबीरसिंहांनी गुरू सरकारांचाच कित्ता गिरवत सीतामऊला नकला आणि मायक्रोफिल्म जमवल्या. आज मोगल-मराठा संघर्षाचा अभ्यासक लंडनला न जाता मंदसौर जिल्ह्यातल्या त्या आडगावी जाऊ शकतो.

पुण्याच्या इतिहासमंडळींचं मात्र सरकारांशी कधी पटलं नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या परंपरेतले हे लोक गावोगावचे वाडे धुंडाळून मोडी दफ्तरं मिळवणारे. सरकार हे दरबारी फारसी कागदांवर जास्त विसंबतात, ही त्यांची तक्रार. मला ती बरीचशी रास्त वाटते. सरकार मराठी शिकले होते, मराठी साधनं त्यांनी वापरलीही. पण आयुष्याची कमाई ज्या कागदांवर ओतली, त्यांचं वजन लिहिताना पडणारच. मोगल अखबारांत, म्हणजे दरबारी बातमीपत्रांत, मराठे दिसतात ते शत्रूच्या छावणीतून. दुसऱ्या बाजूला, तारखा आणि मुक्कामांची साखळी जुळवताना पुणेकरांनाही त्याच फारसी कागदांकडे वळावं लागलं.