पायथॉन मोबाइलवर येते तेव्हा…

हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखातील अनियमितता ओळखणारा एखादा प्रोग्रॅम प्रयोगशाळेत तयार होतो, तेव्हा तो बऱ्याचदा पायथॉन या संगणक भाषेत लिहिलेला असतो. लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालतो. तोच प्रोग्रॅम गावात फिरणाऱ्या आरोग्यसेविकेच्या मोबाइलवर हवा असेल, तर मात्र अडचण येते. अँड्रॉइडची ॲप्स प्रामुख्याने कोटलिन किंवा जावा या भाषांत लिहितात आणि आयफोनची स्विफ्टमध्ये. म्हणजे एकच गणित तीन भाषांत मांडायचे. पुढे त्यात चूक सापडली की दुरुस्तीही तीन ठिकाणी करायची. एक जागा राहून गेली, तर एकाच रुग्णाबद्दल दोन उपकरणे दोन वेगळे निष्कर्ष देऊ शकतात. हे टाळण्यासाठीच पायथॉन थेट मोबाइलवर चालवण्याचे प्रयत्न अनेक वर्षे सुरू आहेत.

नेदरलँड्सचे गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथॉन खुली केली, तेव्हा स्मार्टफोन नव्हते. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या आणि बटणे दाखवण्यासाठी या भाषेने 'टीके' नावाचा तयार संच उसना घेतला. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट यांनी तो आपल्या 'टीसीएल' या भाषेसाठी बनवला होता. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर तो आजही चालतो. पण तो माउस आणि कीबोर्डच्या काळातला. २००७ मध्ये आयफोन आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, तेव्हा पायथॉनची ही जुनी सोय तिथे कामाची राहिली नाही.

पहिला प्रश्न होता प्रोग्रॅम चालवण्याचा. पायथॉनला इंटरप्रिटर, म्हणजे एक दुभाष्या लागतो. तो प्रोग्रॅममधील सूचना समजून घेतो आणि संगणकाकडून त्या करून घेतो. मोबाइलवर हा दुभाष्या आधीपासून नसतो. त्यामुळे फोनच्या प्रोसेसरसाठी तो नव्याने बांधून प्रत्येक ॲपच्या पोटात घालावा लागतो आणि ॲपचा आकार वाढतो. वेगवान आकडेमोडीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'नमपाय'सारख्या लायब्ररीही त्या त्या प्रकारच्या फोनसाठी वेगळ्या तयार कराव्या लागतात.

दुसरा प्रश्न पडद्याचा. त्यासाठी दोन वाटा निघाल्या. २०११ मध्ये आलेल्या 'किवी' या संचाने बटणे, याद्या, अक्षरे सारे काही स्वतःच रेखाटायचे ठरवले. त्यामुळे ॲप सगळ्या उपकरणांवर सारखेच दिसते. ऑस्ट्रेलियाचे रसेल कीथ-मॅगी यांनी सुरू केलेल्या 'बीवेअर' प्रकल्पाने दुसरी वाट धरली. त्यातील 'टोगा' हा संच फोनलाच सांगतो, 'तुझ्याकडचे बटण दे.' मग अँड्रॉइडवर अँड्रॉइडचे बटण येते आणि आयफोनवर आयफोनचे. यात मेहनत जास्त आहे, कारण प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्र जुळणी करावी लागते.

मराठी वापरणाऱ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. 'कि' हे अक्षर साठवताना आधी 'क' आणि नंतर वेलांटी असते, पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसते. जोडाक्षरांचीही अशीच जुळवणी लागते. फोनच्या स्वतःच्या प्रणालीला हे काम येते. स्वतः अक्षरे रेखाटणाऱ्या संचात ही सोय नसेल किंवा सुरू केलेली नसेल, तर वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरे फुटतात. औषधाची सूचना अशा मजकुरात वाचायची वेळ आली तर गोंधळ होणारच. अंध व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या 'टॉकबॅक' आणि 'व्हॉइसओव्हर' या सुविधांचेही असेच आहे. फोनचे स्वतःचे बटण त्यांना ओळखता येते. रेखाटलेले बटण त्यांच्यासाठी निव्वळ चित्र असते. ते बटण आहे हे वेगळे सांगावे लागते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथॉनच्या ३.१३ या आवृत्तीत अँड्रॉइड आणि आयफोनचा अधिकृत पाठिंब्याच्या यादीत समावेश झाला. हा पाठिंबा तिसऱ्या श्रेणीचा आहे. म्हणजे या फोनवर काही बिघडले, तरी त्यासाठी नवी आवृत्ती अडवून ठेवली जात नाही. २०२५ मधील ३.१४ आवृत्तीपासून अँड्रॉइडसाठीची तयार बांधणीही अधिकृतपणे मिळू लागली.

आता एकच गणित एकदाच लिहून ते लॅपटॉपवर आणि फोनवर वापरता येते, दुरुस्तीही एकाच जागी होते. तरीही ॲप लोकांच्या हाती देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायला हव्यात : मराठी मजकूर नीट उमटतो का, पडदा-वाचक तो वाचू शकतो का आणि कमी किमतीच्या जुन्या फोनवर ॲप किती वेळात उघडते. लॅपटॉपवर बसून यातले काहीच समजत नाही. त्यासाठी ज्या फोनवर ॲप वापरले जाणार आहे, तोच फोन हातात घ्यावा लागतो.