किती वॅटचा, की किती स्पष्ट?

भाद्रपद जवळ आला की अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या गृहसंस्थांत आणि लहान मंदिरांत वर्गणीची पुस्तके फिरू लागतात, आणि यंदा ध्वनिसंच भाड्याने न आणता स्वतःचाच घ्यावा, असा विचार कुठे ना कुठे निघतोच. मग कार्यकारिणीतील एखादे उत्साही गृहस्थ आम्हांस विचारतात, ‘बुवा, किती वॅटचा घेऊ?’ हा प्रश्नच आम्हांस उफराटा वाटतो. शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीबाईंना पूर्वरंगातील निरूपण कळणार आहे काय, हे आधी विचारावे. शब्द कळेनासा झाला की श्रोता उठतो, आणि पुढल्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेतून कीर्तनच उठते.

भरतमुनींनी या गोष्टीचा फार बारकाईने विचार केला होता. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्यांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद, म्हणजे सुमारे ९६ फूट बाय ४८ फूट, असे प्रेक्षागृह प्रशस्त मानले आहे. त्याहून मोठे केल्यास पाठ्य अस्पष्ट होते, असे कारणही दिले आहे. गृहसंस्थेचे सभागृह सहसा या मापाहून लहानच असते. तेथे शे-दीडशे श्रोत्यांसाठी दोन मध्यम स्पीकर पुष्कळ झाले.

खरी पंचाईत होते ती दोन इमारतींमधल्या मोकळ्या आवारात. समोरची भिंत १०० फुटांवर असेल, तर आवाज तिच्यावर आपटून परत येण्यास सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा लागतो. तेवढ्यात बुवा पुढच्या अक्षरावर गेलेले असतात आणि मागचे अक्षर त्याच्या डोक्यावर येऊन बसते! येथे वॅट वाढविल्याने गोंगाट तेवढा वाढतो. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच चढतो. उलट उघड्यावर अंतर दुप्पट होताच तो ६ डेसिबल उतरतो. म्हणून एक राक्षसी पेटी पुढे मांडण्यापेक्षा ‘कॉलम’ म्हणतात ते दोन उभट स्पीकर घ्यावेत, पुरुषभर उंचीवर बसवावेत आणि श्रोत्यांकडे किंचित झुकवावेत. त्यांचा आवाज आडवा पसरतो, वर-खाली कमी सांडतो.

माईकच्या बाबतीत मात्र कंजूषी करू नये. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांमध्ये मान हलविणारा ‘शिरःकंपी’ गणला आहे. नारदीय कीर्तनकाराला तर मान हलवावीच लागते. तो पेटीवाल्याकडे वळतो, झांज वाजवतो, दोन पावले नाचतो. उभ्या दांड्यावरच्या माईकपुढे त्याचे निम्मे शब्द हरवतात. छातीशी लावायचा माईक बहुधा चहूंकडचे ऐकतो, त्यामुळे झांज व चिपळ्या शब्दावर स्वार होतात आणि शिट्टीही लवकर वाजते. कानावरून ओठांजवळ येणारा, समोरचेच अधिक ऐकणारा माईक आम्हांस सर्वांत मानवला. पेटीला एक, तबल्याला एक, एखादा राखीव. असा सहा वाटांचा मिक्सर पुरतो. झांजेला माईक कशाला? ती बिचारी उपजतच मोठ्या गळ्याची!

आणि त्या मिक्सरवरील ‘एको’ नावाचे बटण! गायकाला ते गोड वाटते. निरूपणात त्याने श, ष, स यांचा एकच फेसाळ खळखळाट होतो. ते शून्यावर ठेवावे.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणांसाठी वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. पण वरच्या मजल्यावर कुणी रुग्ण असेल, कुणाची परीक्षा असेल, तर आपण होऊन दहाला थांबणे आम्हांस अधिक शोभते असे वाटते.

खरेदीस लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जाणार असाल तर गाण्याची ध्वनिफीत लावून परीक्षा घेऊ नका. माईक हाती घेऊन गणपती अथर्वशीर्ष म्हणा, आणि सोबत नेलेल्या वयस्क सभासदाला दुकानाबाहेर उभे करून प्रत्येक जोडाक्षर ऐकू आले का, ते विचारा. उत्सव पावसाळ्यातला; म्हणून जोडणीला अर्थिंग व गळतीच्या विजेपासून रक्षण करणारा स्विच हवाच, आणि तारा मंडपाच्या ओल्या जमिनीवरून न नेता वरून न्याव्यात.