आभासी राउटर व त्याची डागडुजी

पेटींत टाकलेला लिफाफा इच्छित स्थळीं पोहोंचेपर्यंत कित्येक हातांतून जातो. वाटेंतील प्रत्येक टपालकचेरींत त्यावरील पत्ता वाचून तो पुढील योग्य थैलींत टाकणारा कोणी तरी असतो. संगणकांच्या जाळ्यांत हें काम राउटर करितो. घरून पाठविलेला निरोप असो कीं बँकेचा व्यवहार असो, त्याचे लहान लहान तुकडे होतात व प्रत्येक तुकड्यावरील पत्ता पाहून राउटर त्यास पुढची वाट दाखवितो. सर्वांची टपाल ज्याच्या हातून जाते तोच फितूर झाला तर काय अनर्थ होईल, हें निराळें सांगावयास नको.

पूर्वीं राउटर म्हणजे एक स्वतंत्र यंत्र असे. आतां तेंच काम करणारें सॉफ्टवेअर एखाद्या मोठ्या सर्व्हरच्या पोटांतही चालवितां येतें. प्रशस्त वाड्यांत भिंती घालून अनेक बिऱ्हाडें करावीं, त्याप्रमाणें एका सर्व्हरमध्यें अनेक कल्पित संगणक निर्माण करितात. त्यांपैकीं एका बिऱ्हाडांत राहणारा राउटर तो आभासी राउटर. लॅटव्हिया देशांतील मिक्रोटिक कंपनीचें 'राउटरओएस' स्वतंत्र यंत्रांत चालतें, तसेंच या आभासी रीतीनेंही चालतें. व्हायाटा या सॉफ्टवेअरच्या सर्वांस खुल्या असलेल्या भागापासून २०१३ सालीं निघालेलें 'व्हायओएस' हेंही याच जातीचें.

अशा सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या वारंवार निघतात. त्यांतील बदल मुख्यतः दोन प्रकारचे असतात: एक सोयीचे, दुसरे संरक्षणाचे. वाड्यास नवा सज्जा काढणें आणि दाराची मोडकी कडी बदलणें, यांत जो भेद तोच येथें. सज्जा दिवाळीपर्यंत थांबूं शकतो. कडी आज रात्रींच बदलली पाहिजे. शिवाय येथें आणखी एक मेख आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाली कीं कोणती कडी कच्ची होती तें सर्व जगास कळतें. जुनी व नवी आवृत्ती शेजारीं ठेवून चोर नेमकें भगदाड हुडकून काढतो. म्हणून दुरुस्ती निघाल्यानंतरचे दिवस, ती न करणाऱ्यास, आधींच्या दिवसांहून अधिक धोक्याचे होत.

राउटरओएसचीच हकीकत पाहावी. दुरून राउटरची व्यवस्था पाहण्याची जी सोय त्यांत आहे, तींत २०१८ सालीं एक दोष आढळला. परका मनुष्य आंत शिरून मालकाचें नांव व परवलीचा शब्द वाचूं शके. कंपनीनें २३ एप्रिल रोजीं दुरुस्त आवृत्ती दिली; परंतु असंख्य मालकांनीं ती बसविली नाहीं. ऑगस्टपर्यंत प्रथम ब्राझिलांत व मागाहून इतरत्र हजारों राउटर चोरांच्या ताब्यांत गेले. त्यांतून जाणाऱ्या पानांत चोर गुप्त आज्ञा घुसवीत, आणि वाचकाचा संगणक त्याच्या नकळत चोरांसाठीं मोनेरो हें आभासी चलन कमावूं लागे.

गोष्ट एवढ्यावर संपली नाहीं. सप्टेंबर २०२१ मध्यें रशियांतील यांडेक्स कंपनीच्या सर्व्हरांवर दर सेकंदास सुमारें २ कोटी १८ लक्ष मागण्यांचा मारा झाला. त्यांत वापरलेले राउटर २०१८ सालींच चोरांस सांपडलेले होते, असें मिक्रोटिकनें जाहीर केलें. नुसती नवी आवृत्ती बसवून भागत नाहीं, परवलीचा शब्दही बदलला पाहिजे, असा इशारा कंपनीस द्यावा लागला. कुलूप नवें, पण किल्ली चोराच्याच खिशांत, असा हा प्रकार! हे राउटर बहुतांशीं स्वतंत्र यंत्रें होतीं. तथापि आभासी राउटरासही धडा तोच.

मग मालक दिरंगाई कां करितात? आळस हें एक कारण. पण भय हें दुसरें, आणि तें अगदींच निराधार नाहीं. दूरच्या संगणकांत शिरण्याचें 'ओपनएसएसएच' नांवाचें साधन सर्वत्र वापरांत आहे. त्यांतील एक दोष २००६ सालीं बुजविला होता. २०२१ च्या नव्या आवृत्तींत तो नकळत पुन्हां उघडला आणि २०२४ पर्यंत कोणाच्या ध्यानीं आला नाहीं. नवें तें सारेंच निर्दोष नसतें.

या भयावर आभासी राउटरापाशीं चांगला उतारा आहे. बदलापूर्वीं त्याची जशीच्या तशी प्रत काढून ठेवितां येते व दुसऱ्या बिऱ्हाडांत नव्या आवृत्तीची परीक्षा घेतां येते. व्हायओएस तर जुनी आवृत्ती नव्याशेजारींच राखतें; नवी बिघडली तर जुनी सुरू करावी. दुरून मांडणी बदलतांना मुदतही घालतां येते. ठरलेल्या मिनिटांत व्यवस्थापकानें होकार दिला नाहीं, तर पूर्वीची मांडणी आपोआप परत येते. चुकून स्वतःलाच दाराबाहेर कोंडून घेणाऱ्याची यामुळें सुटका होते.

तात्पर्य, सोयीचे बदल सवडीनें करावे. संरक्षणाची दुरुस्ती परीक्षा होतांच बसवावी, परवलीचा शब्द बदलावा आणि व्यवस्थेचें दार बाहेरच्यांस बंद ठेवावें. घराच्या कोपऱ्यांत दिवे लुकलुकविणारी लहानशी पेटी हाही राउटरच आहे. तिच्याही आवृत्त्या निघतात. शेवटची दुरुस्ती केव्हां झाली, हें प्रत्येक कुटुंबांत एकानें तरी ठाऊक करून घ्यावें. आणि बनविणाराच दुरुस्त्या देण्याचें बंद करील, तेव्हां ती पेटी चालू असली तरी बदलावी.