कापूस, काजू आणि आफ्रिका

‘आफ्रिकेचे पुनरुत्थान’ हे शब्द मोठे वाटतात, म्हणून मी गिरणगावाच्या कापसापासून सुरुवात करतो. आपला कापूस मँचेस्टरला जायचा आणि कापड होऊन परत यायचा. १८५६ मध्ये कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी सुरू झाली आणि हे गणित बदलू लागले.

थाबो म्बेकी (अध्यक्ष, १९९९-२००८) यांनी पुनरुत्थान ही दक्षिण आफ्रिकेच्या परराष्ट्र धोरणाची दिशा ठरवली. शांतता, चांगला कारभार आणि आपल्या मालावर आपल्याच घरी प्रक्रिया, हा तिचा आग्रह. २००२ मध्ये डर्बनला आफ्रिकन युनियन साकारली. २०२३ मध्ये दिल्लीत तिला जी-२० चे सदस्यत्व मिळाले.

पण आफ्रिकेचा कच्चा काजू आजही कोकणातल्या कारखान्यांत फुटतो. उद्या तो तिथेच फुटू लागला, तर इथल्या बायकांच्या हाताला काम कुठले? मैत्रीची खरी कसोटी तिथे आहे.