ऑस्कार्सबोर्गची पहाट

ऑस्लोहून तीसेक किलोमीटर दक्षिणेला फियोर्ड, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेली समुद्राची खाडी, एकदम अरुंद होते. एका काठावर द्रॉबाक हे छोटं गाव, समोर पाण्यात काहोल्मेनची दोन बेटं आणि त्यांवर ऑस्कार्सबोर्गचा जलदुर्ग. आज तिथे संग्रहालय आहे, हॉटेल आहे, उन्हाळ्यात फेरीबोटीतून माणसं सहलीला उतरतात. नॉर्वेने हा किल्ला वारसा म्हणून जपला आहे. माझ्या लेखी मात्र त्याचं खरं मोल एका पहाटेत आहे.

मुख्य किल्ला १८४८ ते १८५३ या काळात बांधला गेला. राजा ऑस्कर पहिला याच्यावरून त्याला नाव मिळालं. पुढे १८७०च्या दशकात बेटापासून पश्चिमेच्या किनाऱ्यापर्यंत पाण्याखाली सुमारे दीड किलोमीटरचा दगडी बांध घातला. मोठ्या जहाजाला पूर्वेच्या चिंचोळ्या वाटेनेच, तोफांच्या तोंडासमोरून जावं लागावं, एवढाच हेतू. विजयदुर्गाजवळच्या पाण्यातल्या भिंतीविषयी ऐकलेल्या मराठी माणसाला ही युक्ती लगेच उमगेल.

१८९३ साली जर्मनीच्या क्रुप कारखान्यातून २८ सेंटिमीटर व्यासाच्या तीन तोफा आल्या. उतरवताना एक पाण्यात पडली. तिला बाहेर काढलं आणि पाण्यातून काढलेली म्हणून बायबलमधल्या मोशेचं नाव ठेवलं. मग उरलेल्या दोघी ओघानेच त्याच्या साथीदारांवरून अहरोन आणि यहोशवा झाल्या. शतक संपता संपता शेजारच्या बेटाच्या कातळात बोगदे खोदून टॉर्पेडोंचं गुप्त ठाणं उभारलं. टॉर्पेडो लोखंडी चौकटीवरून पाण्याखाली उतरवायचा आणि बोगद्याच्या तोंडातून सोडायचा. १९४० सालापर्यंत हे सगळंच म्हातारं झालं होतं. किल्ल्याचे प्रमुख कर्नल बिर्गर एरिक्सन चौसष्ट वर्षांचे होते, निवृत्तीला काहीच महिने उरले होते.

९ एप्रिल १९४०, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नॉर्वेवर चढाई केली तो दिवस. पहाटे चारच्या सुमारास अंधारातून दिवे विझवलेली जहाजं आत शिरली. कुणाची, हे किल्ल्याला ठाऊक नव्हतं. वरून स्पष्ट आदेशही नव्हता. तोफा चालवणारं शिकलेलं पथक एकच. ते दोन तोफांवर वाटलं आणि उणीव भरायला आचारीही हाताशी घेतले. या तोफा पुन्हा भरायला कित्येक मिनिटं लागत, म्हणजे प्रत्येकीला एकच संधी. एरिक्सन यांनी इशाऱ्याची फैर न झाडता थेट मारा करायला सांगितलं. ही जबाबदारी एकट्याने घेणं मला तोफांहून मोठं वाटतं.

मोशे आणि अहरोन धडाडल्या. प्रत्येक गोळा अडीचशे किलोंहून जड. दोन्ही गोळे ‘ब्ल्यूखर’ या नव्याकोऱ्या जर्मन युद्धनौकेवर बसले आणि तिने पेट घेतला. मग कातळातून चाळीस वर्षं जुने टॉर्पेडो सुटले. त्यांतले दोन लागले. त्या ठाण्याचा जर्मनांना पत्ताच नव्हता. दोनेक तासांत ब्ल्यूखर बुडाली, शेकडो माणसं गेली. मागची जहाजं माघारी वळली.

तरीही ऑस्लो त्याच दिवशी जर्मनांच्या हाती पडलं, दुसऱ्या दिवशी किल्लाही शरण गेला. पण तेवढ्या तासांत राजा होकोन सातवा, मंत्रिमंडळ आणि संसद रेल्वेने राजधानीबाहेर पडली, बँकेतलं सुमारे ५० टन सोनं ट्रकांमधून निघालं. पुढच्याच दिवशी राजाने जर्मनांची शरण येण्याची मागणी धुडकावली.

कातळातलं ते ठाणं त्यानंतरही पन्नासेक वर्षं सज्ज ठेवलेलं होतं. ब्ल्यूखर अजून जवळच, सुमारे ९० मीटर खोल पाण्यात पडून आहे. १९९४ साली तिच्या टाक्यांतून हजार टनांहून जास्त तेल उपसलं. तरीही थेंब थेंब तेल वर येतं आणि पाण्यावर पसरतं.