सर्व्हरचे प्रोग्रॅमिंग शिकायचे? पुस्तक घेण्याआधी लेबल वाचा



कृषी सेवा केंद्रात बियाणे घेताना आपण पिशवी उलटीपालटी करून बघतो. प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी आहे का, चाचणीची तारीख कोणती, उगवणशक्ती किती, मुदत संपली तर नाही ना, हे सगळे पाहतो. पेरणीनंतरही पिशवी, चिठ्ठी आणि पावती जपून ठेवतो. पण घरातल्या मुलामुलीसाठी संगणकाचे पुस्तक घ्यायचे झाले की एवढी चौकशी कोणी करत नाही. दुकानदाराने हातात दिले ते जाडजूड पुस्तक किंवा रद्दीच्या भावात मिळाले ते स्वस्त पुस्तक आपण घरी आणतो. पोरगं चार दिवस बसतं, पाचव्या दिवशी अडतं आणि "मला हे जमणार नाही" म्हणून पुस्तक माळ्यावर टाकतं. अशा वेळी बहुतेकदा पोरगं मठ्ठ नसतं, बियाणे मुदतबाह्य असतं.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण सरळ आहे. आज सातबारा, ई-पीक पाहणी, पीक विमा, पीएम-किसान आणि महाडीबीटीचे अर्ज हे सारे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमवर चालते. आपण फक्त रांगेत उभे राहून अंगठा देतो. खंडाळा, शिरवळ, लोणंद भागात बारावी, आयटीआय, डिप्लोमा, बीएस्सी झालेली मुले आता घरोघर आहेत. त्यातल्या काहींनी हे प्रोग्रॅम लिहायला शिकावे, हे गावाच्याही हिताचे आहे.

सर्व्हरचा प्रोग्रॅम म्हणजे काय?

महाभूलेखवर तुम्ही जिल्हा, तालुका, गाव निवडता, गट नंबर टाकता आणि उतारा समोर येतो. हा उतारा कोणी आधी टाईप करून ठेवलेला नसतो. तुमचा प्रश्न दूरच्या संगणकाकडे जातो, तिथला प्रोग्रॅम तो तपासतो, माहितीच्या कोठारातून नेमकी नोंद काढतो आणि त्या क्षणी पान तयार करून पाठवतो. दूरचा संगणक म्हणजे सर्व्हर आणि माहितीचे कोठार म्हणजे डेटाबेस.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. १९९८ साली वारणानगर परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, वजन, बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातल्या संगणक केंद्रावर मिळू लागली. पुढे २००७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर हेच काम करून पाहण्यात आले. शेतकऱ्याने ठरलेल्या खुणेचा एसएमएस पाठवायचा आणि उत्तर फोनवर यायचे. समोरचे यंत्र बदलले, पण प्रश्न विचारणारा एका टोकाला आणि उत्तर देणारा प्रोग्रॅम दुसऱ्या टोकाला, ही रीत तीच राहिली. हा दुसऱ्या टोकाचा प्रोग्रॅम लिहायला शिकवणारे पुस्तक आपल्याला निवडायचे आहे.

पीएचपी की पायथन?

नवशिक्याने या दोनपैकी एक भाषा धरावी. पीएचपी ही रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली लोकांसमोर आणली. ती मुळात वेबच्या कामासाठीच वाढली आणि स्वस्तातल्या जागेवरही चालते. वर्डप्रेस याच भाषेत आहे. पायथन सर्वच कामांची भाषा आहे; तिच्यात वेबसाठी जँगो किंवा फ्लास्क ही जोड घ्यावी लागते. लहान संस्थांच्या वेबसाईटची कामे करायची असतील तर पीएचपी बरी. पुढे आकडेवारी, हवामान, यंत्रबुद्धी अशा वाटेने जायचे असेल तर पायथन बरी. तरीही खरी निवड वेगळ्याच गोष्टीवर करावी. अडलेल्याला हात देणारा ओळखीचा माणूस ज्या भाषेतला आहे, ती भाषा घ्यावी. दोन्ही एकदम घेऊ नयेत. दोन्हींच्या आधी एचटीएमएलची तोंडओळख मात्र करून घ्यावी.

पहिली कसोटी : छपाईचे साल

पुस्तक उघडून आतले पान बघा. आवृत्ती कोणती, साल कोणते, हे तिथे लिहिलेले असते. हीच पुस्तकाची खूणचिठ्ठी.

पीएचपीची सातवी आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये आली. तिच्यात डेटाबेसशी जोडणी करण्याची जुनी रीत काढूनच टाकली. 'मायएसक्यूएल-कनेक्ट' ही आज्ञा त्या रीतीतली. त्याआधीच्या अनेक पुस्तकांत हीच रीत शिकवलेली आहे. मुलाने पुस्तकात आहे तसे अक्षर न् अक्षर उतरवले तरी आजचा संगणक "असे फंक्शन नाही" असेच सांगणार. चूक मुलाची नसते, पण ते त्याला कोण सांगणार? म्हणून पुस्तकात 'मायएसक्यूएल-आय' किंवा 'पीडीओ' ही नवी रीत आहे का ते बघा. पीएचपी ८ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली. त्यानंतरचे पुस्तक मिळाले तर उत्तमच.

पायथनचे तसेच आहे. पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. पुस्तकात 'प्रिंट' या शब्दापुढे कंस नसेल तर ते जुने समजावे. जँगोचे पुस्तक ज्या आवृत्तीवर लिहिले आहे, तीच आवृत्ती संगणकावर बसवून शिकावे. निम्मी डोकेदुखी तिथेच कमी होते.

दुसरी कसोटी : कुलूप-किल्ली

वेबसाईटवर नाव लिहायचा रकाना असतो. त्यात नावाऐवजी डेटाबेसला द्यायच्या आज्ञेचा तुकडा लिहिणारे लोक असतात. प्रोग्रॅम बेफिकिरीने लिहिलेला असेल तर तो ती आज्ञा पाळतो. सगळ्या सभासदांची यादी बाहेर जाऊ शकते, नाहीतर पुसली जाऊ शकते. कोऱ्या चेकवर सही करून देण्यासारखाच हा प्रकार.

यावर उपाय म्हणजे 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट'. यात आज्ञा आधी पक्की होते आणि रकान्यातली माहिती फक्त माहिती म्हणूनच आत जाते. पुस्तकाच्या मागच्या शब्दसूचीत हा शब्द शोधा. तो नसेल, किंवा शेवटच्या प्रकरणात उरकलेला असेल, तर पुस्तक परत ठेवा. डेटाबेसचा पहिला धडा ज्या रीतीने गिरवला, तीच रीत हातात बसते.

दुसरी खूण पासवर्डची. पीएचपीच्या पुस्तकात 'पासवर्ड-हॅश' ही आज्ञा असावी. ती २०१३ पासून भाषेत आहे. पासवर्ड आहे तसाच लिहून ठेवायला किंवा 'एमडी-५' वापरायला शिकवणारे पुस्तक आज घेऊ नये.

तिसरी कसोटी : मराठी अक्षर

ही अडचण परदेशी लेखकाला सुचतेच असे नाही, पण आपल्याला पहिल्या दिवशी येते. मायएसक्यूएल हे डेटाबेसचे कोठार २०१८ च्या ८.० या आवृत्तीपर्यंत मुळात रोमन अक्षरांसाठी मांडलेले यायचे. वेगळे सांगितले नाही तर मराठी नाव साठवल्यावर परत येताना नुसती प्रश्नचिन्हे यायची. पुस्तकात 'युनिकोड' आणि 'यूटीएफ-८' यांवर निदान दोन-चार पाने असावीत.

दुकानातच बघण्याजोगे एक उदाहरण. पीएचपीची अक्षरे मोजायची साधी आज्ञा 'सातारा' या शब्दाची लांबी १८ सांगते, कारण ती अक्षरे नव्हे तर बाइट मोजते. 'एमबी' हा उपसर्ग असलेली आज्ञा ६ सांगते, कारण ती काना-मात्रा सुटे धरून चिन्हे मोजते. हा फरक सांगणारे पुस्तक आपल्या उपयोगाचे. ग्रामपंचायतीचे जुने कागद श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतील तर ते आधी युनिकोडमध्ये आणावे लागतात, हेही ध्यानात ठेवा.

चौथी कसोटी : वाचता येते का, करता येते का?

चांगली पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. मुलाला किंवा मुलीला दुकानात सोबत न्या. मधली दोन पाने वाचायला लावा आणि आपल्या शब्दांत सांगायला लावा. अर्धे कळले तरी चालेल, बाकीचे हात चालवताना कळते. काहीच कळले नाही तर पुस्तक कितीही नावाजलेले असो, आपल्यासाठी नाही. मराठीतून ऐकायचे असेल तर मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' फुकट आहे. मात्र तिथेही वरची सालाची कसोटी लावावी.

दुसरे म्हणजे पुस्तकाच्या शेवटी एक पुरते काम उभे राहते का? नुसते सुटे धडे असतील तर बियाणे उगवते पण कणीस भरत नाही. नोंद करणे, दुरुस्त करणे, शोधणे, पुसणे आणि पासवर्डने आत शिरणे, एवढे तरी एका कामात आले पाहिजे.

कोणती पुस्तके बघावीत?

रॉबिन निक्सन यांचे 'लर्निंग पीएचपी, मायएसक्यूएल अँड जावास्क्रिप्ट' अगदी पहिल्यापासून सुरू करते आणि शेवटी एक पुरती वेबसाईट बांधून दाखवते. २०२१ ची सहावी किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी. ओरायलीच्या पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या मुंबईचे श्रॉफ पब्लिशर्स काढतात, त्याच मागाव्यात. जॉन डकेट यांचे 'पीएचपी अँड मायएसक्यूएल' २०२२ चे आहे. त्यात चित्रे आणि रंगीत आकृत्या भरपूर आहेत. एचटीएमएल येत असलेल्या मुलाला ते सोपे जाते. वेलिंग आणि थॉमसन यांचे पुस्तक नावाजलेले खरे, पण त्याची पाचवी आवृत्ती २०१६ ची आहे आणि ते नवशिक्यासाठी जड पडते. पायथनसाठी एरिक मॅथीस यांचे 'पायथन क्रॅश कोर्स', २०२३ ची तिसरी आवृत्ती बघावी. त्यात भाषा शिकवून शेवटी जँगोवर वेबसाईट करून घेतात.

यातले एकच घ्या. तीन पुस्तकांचा पहिला धडा तीनदा वाचण्यापेक्षा एका पुस्तकाचा शेवटचा धडा एकदा करणे मोलाचे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाणे होते तेव्हा हाताळून घेणे सर्वांत बरे. घरपोच मागवत असाल तर आवृत्ती आणि साल आधी विचारा आणि पावती ठेवा.

पुस्तकासोबत एक साधा संगणक लागतो. मोबाईलवर हे शिकणे होत नाही. 'झॅम्प' हा फुकटचा संच एकदा बसवला की पीएचपी आणि डेटाबेस घरच्या संगणकावर इंटरनेटशिवायही चालतात. रेंज नसलेल्या वाडीत पुस्तकाचा खरा फायदा हाच. संगणक एक आणि भाऊ-बहीण दोघे असतील तर वेळ वाटून द्या. सावित्रीबाईंचे नायगाव आपल्याच तालुक्यात आहे. मुलीच्या वाट्याचा तास स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

पहिले काम घरचेच घ्यावे. दुधाचे रोजचे लिटर, फॅट आणि दर, किंवा लोणंदच्या बाजारातली कांद्याची पट्टी : वजन, भाव, हमाली-तोलाई वजा जाता हातात आलेली रक्कम आणि महिन्याची बेरीज. हिशोब ओळखीचा असला की चूक लगेच कळते. शिकताना कोणाचेही खरे आधार किंवा बँक खाते नंबर टाकू नयेत. खोटी नावे टाकून सराव करावा.

सरपंच, ग्रामसेवक आणि संस्थांच्या सचिवांसाठी

आपल्यापैकी अनेक जण ग्रामपंचायत, दूध संस्था किंवा शेतकरी कंपनीची वेबसाईट कोणा होतकरूला करायला देता. द्या, जरूर द्या. फक्त काम देण्याआधी तीन प्रश्न विचारा : पीएचपी किंवा पायथनची कोणती आवृत्ती वापरणार? प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरणार ना? पासवर्ड कसे ठेवणार? उत्तर चटकन आले तर माणूस नीट शिकलेला आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला आहे. लोकांचे नंबर गोळा केले म्हणजे ते सांभाळण्याची जबाबदारीही आलीच.

गावच्या ग्रंथालयांनाही एक विनंती. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालये आपल्या गावोगावी आहेत. यंदाच्या खरेदीत कादंबऱ्यांबरोबर असे एक पुस्तक घ्या. ते जुने झाले की कपाटात तसेच न ठेवता त्यावर 'जुनी आवृत्ती' अशी चिठ्ठी लावा. एका पुस्तकावर चार घरची मुले आळीपाळीने शिकतील, आणि एकजण अडला तर विचारायला दुसरा गावातच असेल.

तेव्हा मंडळी, मुलाने पुस्तक मागितले तर त्याला दुकानात घेऊन जा आणि या चार गोष्टी कागदावर लिहून न्या : साल, सुरक्षितता, मराठी अक्षर आणि शेवटी उभे राहणारे एक काम. घरात आधीच एखादे पुस्तक पडून असेल तर आज संध्याकाळी त्याचे आतले पान उघडून साल बघा. २०१५ च्या आधीचे निघाले तर मुलाला जवळ बोलावून तेवढे सांगा आणि नव्या पुस्तकाने पुन्हा सुरुवात करून द्या.